बाससाठी पाण्यावर आवाज करणारी ल्यूर्स: कोणतं, कधी, आणि मासा उसळूनही लागत का नाही?

फ्रिस्को_कट्टा

नमस्कार मंडळी. मुक्काम डॅलसच्या उत्तरेला. मासेमारी बहुतेक रे रॉबर्ट्स आणि लुइसव्हिल या तलावांवर, तीही काठावरून, बोट नाही. प्लास्टिकचे वर्म (नकली गांडुळं) तळाशी ओढून लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा) मिळतात. आता पाण्याच्या वर आवाज करत येणारी ल्यूर्स (नकली आमिषं) शिकायची आहेत.

जवळ आहे ते असं: हेडनचं सुपर स्पूक ज्युनिअर (डावं-उजवं चालणारं), रेबेलचं पॉप-आर (खोलगट तोंडाने पाणी उडवणारं पॉपर), व्हॉपर प्लॉपर ११० (फिरत्या शेपटीचं). रॉड ७ फुटी, मीडियम हेवी, फास्ट (म्हणजे ताठ, टोकाशीच वाकणारा). बेटकास्टर रीळ ७:१. लाईन १२ पाउंडी फ्लुरोकार्बन.

अडचणी तीन. स्पूक डावं-उजवं चालतच नाही, सरळ येतं आणि मध्येच नाक पाण्यात खुपसतं. प्लॉपरवर मासा उसळतो, पाणी उडतं, पण लागत नाही. आणि कोणत्या वेळी कोणतं काढायचं हे उमगत नाही. दुकानात सांगतात, आवाज जितका मोठा तितकं चांगलं. हे कितपत खरं?

ढील_दे

आधी लाईन बदला, ल्यूर नंतर बघू. तुमच्या स्पूकचं नाक बुडतंय ते लाईनमुळे.

फ्लुरोकार्बनची घनता पाण्याच्या पावणेदोनपट असते. फेक पडली की लाईनचा पोटाकडचा भाग बुडायला लागतो आणि ल्यूरचं तोंड खाली ओढतो. तळाच्या वर्मला हे हवंच असतं, वरच्या ल्यूरला मारक. नायलॉनचा मोनोही खरं म्हणजे बुडतो, पण इतक्या हळू की एका फेकीपुरता वरच राहतो. ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, तरंगतो.

स्पूकसाठी ३० पाउंडी ब्रेड आणि पुढे दीड फूट १५ ते २० पाउंडी मोनोचा लीडर (लाईनच्या टोकाला जोडलेला तुकडा). लीडर माशाला दिसू नये म्हणून नाही. नुसता ब्रेड लुळा असतो, ढील दिली की ल्यूरच्या पुढच्या ट्रेबल (तीन टोकांच्या) हुकात अडकतो. मोनो ताठ असल्यामुळे दूर राहतो. लीडर फ्लुरोचा लावलात तर फिरून तोच त्रास, नाकाशीच वजन.

लीडर बांधताना गाठ आवळून नाकाशी घट्ट बसवू नका. लूप नॉट (ल्यूर मोकळं हलेल अशी फासाची गाठ) घाला, किंवा छोटा गोल स्नॅप (उघडमीट होणारी कडी). स्नॅपला स्विव्हल (फिरती कडी) जोडलेलं नको, त्याच्या वजनानेही नाक खाली जातं.

आता चालवणं. रॉडचं टोक खाली, पाण्याकडे. मनगटाने १५ ते २० सेंटीमीटरचा छोटा झटका, आणि झटका संपताच टोक परत ल्यूरच्या दिशेला न्यायचं. ल्यूर वळतं ते या परत नेण्यात. झटक्याने तोंड एका बाजूला फिरतं, आणि लाईन सैल असेल तरच ते पुढे घसरत जातं. लाईन ताणलेली राहिली की सरळच येणार. पतंगाला ढील देता तसंच समजा, ओढण्याइतकंच सोडणं महत्त्वाचं. रीळ दर झटक्याला अर्धा-पाऊण फेरा, फक्त जमलेली ढील गोळा करण्यापुरती. जोर जास्त लावलात तर स्पूक वळण्याऐवजी पाण्यावरून उडी मारतं.

धरणाच्या दगडी पिचिंगवर उंच उभे राहिलात तर लाईन वरून येते, नाक उचललं जातं आणि चाल बिघडते. खाली पाण्याजवळ उतरता येईल अशी जागा शोधा (शेवाळलेल्या दगडांवरून घसरून नव्हे). सराव आठ-दहा मीटरवर करा, म्हणजे ल्यूर काय करतंय ते दिसतं. लांब फेकीवर झटका थोडा मोठा लागतो, कारण पाण्यावर पसरलेली लाईन त्यातला बराचसा खाते.

पहाटपाळी

"आवाज जितका मोठा" हे दुकानाचं गणित. माझ्या मते आवाजापेक्षा आधी एक प्रश्न विचारावा: हे ल्यूर थांबवता येतं का?

पॉपर, स्पूक, प्लॉपर तरंगतात. थांबवलं तरी तिथेच राहतात. बझबेट (तारेचं, पाण्यावर फिरणाऱ्या पात्याचं ल्यूर) थांबवलं की बुडतं. त्यामुळे मासा पाठलाग करण्याच्या तयारीत असेल तर चालतं ल्यूर, आणि तो एका जागी दबा धरून असेल, झाडाच्या बुंध्याशी, धक्क्याच्या सावलीत, तर थांबणारं. आवाजाचा विचार त्यानंतर.

आवाज पाण्याच्या अवस्थेवर ठरवा. पाणी आरशासारखं शांत आणि स्वच्छ असेल तर पॉप-आर, तेही हलक्या हाताने. हवेने बारीक लहरी उठल्या की स्पूक. लहरी मोठ्या झाल्या, पाणी गढूळ असलं किंवा अंधार असला तर प्लॉपर किंवा बझबेट. लाटांचे माथे फुटायला लागले की वरची ल्यूर्स ठेवून द्या आणि स्पिनरबेट (पाण्याखाली चालणारं फिरत्या पात्याचं ल्यूर) काढा. बास आवाज कानाने ऐकतो आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने जवळची हालचाल टिपतो; दोन्ही जाड, खालच्या स्वराला जास्त दाद देतात. प्लॉपरचा घुळ-घुळ आवाज गढूळ पाण्यात चालतो तो म्हणूनच. पण शांत पाण्यात तोच आवाज फार होतो. मासा मागे येतो, जवळून बघतो आणि वळतो.

रॅटलचं, म्हणजे ल्यूरच्या पोटातल्या खुळखुळणाऱ्या गोळ्यांचंही तेच. बऱ्याच बारीक गोळ्यांचा खुळखुळ आवाज पातळ आणि सतत असतो. एकच मोठी गोळी असलेल्या 'वन नॉकर' स्पूकचा ठोका जाड आणि सुटा. जुन्या झारा स्पूकमध्ये गोळ्याच नाहीत, आणि शांत पाण्यात पुष्कळ जण अजून तेच वापरतात.

पॉप-आरबद्दल एक. नवशिके ते जोरात ओढून 'बुडुक' असा मोठा आवाज काढतात. तसा आवाज एक-दोनदा ठीक, मासा लांब असेल तर लक्ष वेधायला. त्यानंतर टोक जेमतेम १० सेंटीमीटर हलवून पुढे नुसती थुंकी उडेल इतकंच. झेल रोलँड हा टेक्सासचाच व्यावसायिक बासवाला, पॉप-आर घासून त्याचं अंग पातळ आणि तोंडाची कड धारदार करण्याबद्दल प्रसिद्ध. पातळ कडेने थोड्या ओढीत तुषार उडतात, आणि शॅड (बास खातो ते बारीक मासे) पळतात तेव्हा पाणी तसंच उडतं. थांबा किती घ्यावा? पाण्यावरची वलयं विरेपर्यंत थांबून बघा. काही मिळालं नाही तर थांबे कमी करत जा. उन्हाळ्यातल्या गरम पाण्यात थांबा नसलेली सलग टपटप जास्त चालते.

वेळापत्रक तुमच्या भागापुरतं:

पाणी १५-१६ अंश सेल्सिअसला पोचलं की वरची ल्यूर्स सुरू. एप्रिल-मेमध्ये पाणी १८ ते २१ अंशांच्या आसपास असताना शॅड अंडी घालतात, उजाडताना आणि कठीण पृष्ठभागाला लागून: धरणाचं पिचिंग, काँक्रीटचे रॅम्प, मरीनाचे तरंगते ठोकळे. काठालगत बारीक मासे दगडांवर आपटताना दिसले तर तीच जागा. पिचिंगवर उभं राहून सरळ आत फेकू नका, काठाला समांतर फेका, दगडांपासून दोन-तीन मीटरवर. ऊन पाण्यावर आलं की तासाभरात खेळ संपतो.

मे-जूनपासून ब्लूगिल (छोटे चपटे मासे) घरटी करतात. उथळ पाण्यात तळावर गोल खड्ड्यांची वसाहत दिसते. तिच्या खोल बाजूच्या कडेने पॉप-आर, ब्लूगिलच्या रंगाचं. बास तिथे टेहळणी करत फिरत असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ३० अंशांवर जातं. पहाट, संध्याकाळ, धक्क्यांची सावली, नाहीतर रात्र. रात्री काळं ल्यूर आणि एकसुरी चाल. रंग काळा यासाठी की खालून बघणाऱ्याला आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृतीच सगळ्यात ठळक दिसते. चाल एकसुरी यासाठी की माशाला नेम धरता यावा. आर्बोगास्टचं जिटरबग याच कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या टिकलंय.

ऑक्टोबरमध्ये शॅड तलावाच्या अरुंद फाट्यांच्या शेवटापर्यंत शिरतात, बास मागोमाग. काठावरून मासे धरणाऱ्याला वर्षातला हा सर्वांत सोयीचा काळ.

करकर_बझ

पहाटपाळींशी बहुतेक सहमत, पण बझबेटला एका ओळीत उरकलंत ते पटलं नाही. फ्रिस्कोकर, तुमच्या यादीत तेच नाहीये, आणि काठावरून गवतात टाकायला प्लॉपरपेक्षा तेच जास्त कामाचं. प्लॉपरला दोन ट्रेबल, शिवाय फिरणारी शेपूट. गवताची एक काडी सांध्यात अडकली की शेपूट बंद, आवाज बंद, आणि तुम्ही मुकं लाकूड ओढत बसता. बझबेटला हुक एकच, वर तोंड केलेला.

३/८ औंसचं, म्हणजे साधारण १० ग्रॅमचं घ्या. १/४ औंस जास्त हळू चालवता येतं पण वाऱ्यात फेकवत नाही. लाईन १७ पाउंडी मोनो किंवा ४० ते ५० पाउंडी ब्रेड, सरळ बांधलेली.

फेक पाण्याला टेकण्याच्या क्षणी रीळ सुरू झालं पाहिजे. उशीर झाला की ते बुडतं, आणि वर यायला दोन-तीन मीटर लागतात. नेमकी तीच जागा माशाची असते. सुरुवातीला रॉड वर, ल्यूर जवळ येईल तसं टोक खाली. वेग इतकाच की पातं पाणी कापत राहील. त्याहून जलद नको.

पातं एकाच दिशेला फिरत असल्यामुळे बझबेट डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. सरळ हवं असेल तर वरची तार किंचित वाकवून तपासत जा. किंवा सरकू द्या: ज्या बाजूला धक्का किंवा गवताची कड असेल त्या बाजूला ओढलं जाणारं ल्यूर कडेला घासत येतं. दोन्ही दिशांचं एकेक ठेवणारे लोक आहेत.

नवं बझबेट बरेचदा गुळगुळीत फिरतं, हवी ती करकर येत नाही. पात्यामागचं रिव्हेट झिजायला लागतं. काही जण ते गाडीच्या खिडकीबाहेर धरून वाऱ्यावर फिरवतात. वेडेपणा दिसतो, पण काम होतं (चालवणारा दुसरा असावा एवढंच). तेल मात्र कधीही घालू नका. पातं तारेला हलकं टेकेल इतकं वाकवलं तर टक-टक असा वेगळा ठोका मिळतो.

मासे हुकाभोवतीची रबरी झालर ओढून सुटत असतील तर झालर काढून सपाट पोटाचा प्लास्टिकचा बेडूक लावा. वजन वाढतं, फेक लांब जाते, आणि ल्यूर आणखी हळू चालतं. उघड्या पाण्यात मागे ट्रेलर हुक (मूळ हुकात अडकवलेला जादा हुक) जोडा, दाट गवतात काढा.

फ्रिस्को_कट्टा

मंडळी, उत्तम. लाईनचं कळलं. दुसरा मुद्दा मात्र बाकी आहे: मासा उसळतो, पण लागत नाही. उसळी दिसताच मी जोरात झटका मारतो. शिवाय, प्लॉपर ११० मोठं पडतंय का?

ह्यूस्टनची_मावशी

उसळी दिसताच झटका, हेच कारण. बास वरचं ल्यूर खालून पाण्यासकट तोंडात ओढतो. पाणी उडालेलं दिसतं तेव्हा ल्यूर तोंडात असेलच असं नाही. तुमचा झटका ते त्याच्या तोंडासमोरून काढून घेतो. नियम सोपा, पाळायला महाकठीण: दिसतं ते विसरा, हाताला वजन लागलं की मगच. तोवर ल्यूर त्याच चालीने चालू ठेवा. ट्रेबल असलेल्या ल्यूरला झटका नकोच, रीळ फिरवत रॉड एका बाजूला जोमाने ओढा. बारीक हुक आपोआप रुततात.

दुसरं, रॉड. मीडियम हेवी फास्ट रॉड प्लॉपर ११० ला चालेल, पण पॉप-आरला तो काठीसारखा ताठ. पाव औंसाचं ल्यूर त्याने फेकवतही नाही आणि झटक्यात माशाच्या तोंडातून हुक फाटून निघतो. पॉप-आरसाठी साडेसहा फुटी मीडियम, मध्यातून वाकणारा रॉड, आणि १२ पाउंडी मोनो. स्पिनिंग रीळही चालेल. दुसरा रॉड लगेच घ्यायचा नसेल तर आत्ताच्या रॉडवर नुसत्या ब्रेडऐवजी मोनो भरा. मोनो ताणतो, तेवढाच ताठपणा कमी होतो.

तिसरं, हुक. टोक नखावर हलकं ठेवून ओढा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. दगडांवर एकदा आपटलेला हुक बोथट झालाच समजा. बदलताना तेवढ्याच वजनाचा घ्या. पॉपरला जड हुक लावला तर शेपूट जास्त बुडते आणि तोंड पाणी उडवत नाही. प्लॉपरच्या मागच्या हुकाचा आकार वाढवला आणि तो शेपटीच्या पात्याला लागू लागला तर शेपूट अडखळते. बदलल्यावर काठाजवळ ओढून बघा. पॉपरच्या मागच्या हुकाला पीस बांधलेलं घ्या, थांब्यातही ते हलत राहतं.

११० चं वजन साधारण एक औंस. मोठे मासे शोधायला ठीक, पण शॅड दोन-अडीच इंची असतील तर ९० घ्या, अर्ध्या औंसाच्या आसपास. उसळ्या येतायत आणि लागत नाहीत, तेव्हा आकार एक पायरी खाली आणणं हा पहिला उपाय, वेग कमी करणं हा दुसरा. प्लॉपर बहुतेक लोक फार जलद ओढतात. शेपूट फिरत राहील इतका किमान वेग शोधा. लाकडाला लागलं तर घाई करू नका, थांबू द्या, मग पुन्हा सुरू. पुष्कळदा त्या पुन्हा सुरू होण्यावरच मासा येतो.

चौथं, चुकलेला मासा. दुसऱ्या रॉडवर वजन न लावलेला पाच इंची स्टिक वर्म तयार ठेवा. उसळी आली आणि चुकली की त्याच वलयात टाका आणि काही न करता बुडू द्या. परत तेच प्लॉपर फेकण्यापेक्षा हे कितीतरी जास्त वेळा लागू पडतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. मेमध्ये काठाशी बारीक काळ्या पिल्लांचा थवा दिसला आणि बास नुसता धक्का देऊन परत जात असेल, तर तो नर आहे, पिल्लांवरून ल्यूर हाकलतोय. खायला आलेलाच नाही. त्याला राहू द्या.

आणि नवख्यांना नेहमी सांगते: चष्मा घाला, लांब पक्कड जवळ ठेवा. वर उसळलेला बास डोकं झटकतो तेव्हा चुकलेलं प्लॉपर सरळ तुमच्या तोंडाकडे येतं. ट्रेबल लागलेला मासा ओठाला धरताना दुसरा हुक कुठे आहे ते आधी बघा. हुकांचे काटे पक्कडीने दाबून टाकलेत तर हात आणि मासा दोघंही वाचतात. ३० अंशांच्या पाण्यात मासा आधीच दमलेला असतो, फोटो एकच आणि लगेच पाण्यात.

पंचगंगाकाठ

कोल्हापूरहून. बास आमच्याकडे नाही, पण मरळ आहे आणि तो बेडकावर तुटून पडतो. पुढच्या भेटीत नातेवाईक तिकडून सामान आणणार आहेत. वरच्यापैकी काय मागवावं?

ढील_दे

पोकळ रबरी बेडूक, तीन-चार, आणि एखादं पॉपर तोंडाचं. प्लॉपर आणि स्पूक नको, जलपर्णीत आणि कमळाच्या पानांत ट्रेबल जागच्या जागी अडकतील. बेडकाचे दोन्ही हुक वर, अंगाला चिकटून असतात. मासा दाबतो तेव्हाच उघडे पडतात. लाईन ५० ते ६५ पाउंडी ब्रेड, लीडर नाही, पालोमर गाठ. रॉड ७ फुटी हेवी. इथे ट्रेबलचा नियम उलटा: मासा घेऊन खाली गेला की टोक ल्यूरकडे न्या, ढील गोळा करा, मग पूर्ण ताकदीने झटका. मरळाचा जबडा हाडाचा आणि तोंड दातेरी, बासच्या अंदाजाने मारलात तर रुतणार नाही. लाईनचा शेवटचा वीतभर भाग प्रत्येक माशानंतर बोटाने चाचपून बघा, खरखरीत लागला तर कापून नव्याने बांधा.

नव्या बेडकात पाणी शिरत असेल तर हुक बाहेर येतो तिथून. मासा सुटला की पिळून पाणी काढा, नाहीतर तो शेपटीकडे बुडतो. पाय फार लांब असतील तर एका बाजूचा थोडा कापा, मग तो बेडूकही स्पूकसारखा डावा-उजवा चालतो.

पहाटपाळी

मरळाबाबत एक भर. तो हवा घ्यायला वर येतो, तेव्हा बुडबुडा दिसला की त्याच्या पलीकडे दोन मीटर टाकून त्या जागेवरून आणा. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा गोळा पृष्ठभागावर फिरताना दिसला तर मात्र आईबाप खालीच असतात आणि कशावरही तुटून पडतात. त्यांना उचललं की पिल्लं संपली, तिथे टाकू नका. आणि तलाव किंवा धरण कुणाकडे आहे ते आधी विचारा, बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो.

फ्रिस्कोकर, तुमच्याकडचे नियम: टेक्सासमध्ये १७ पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला लायसन्स लागतं. नेहमीचं वार्षिक लायसन्स शक्यतो सप्टेंबरमध्ये घ्या, ते ऑगस्टअखेर संपतं. राज्य उद्यानाच्या हद्दीत काठावरून मासे धरायला मात्र लागत नाही, आणि रे रॉबर्ट्सवर असं उद्यान आहे. लार्जमाउथची सर्वसाधारण मर्यादा किमान १४ इंच आणि दिवसाला ५. तलावागणिक अपवाद असतात: लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. नव्या तलावावर जाण्याआधी त्या तलावाचं पान बघून घ्या.

फ्रिस्को_कट्टा

सगळ्यांचे आभार. खरेदीची यादी: १५ पाउंडी मोनो, ३० पाउंडी ब्रेड, बझबेट ३/८, प्लॉपर ९०. बझबेटचा रंग कोणता?

करकर_बझ

एकच घेणार असाल तर काळा. दोन घेणार असाल तर दुसरा पांढरा, शॅडच्या दिवसांसाठी. आणि ब्रेड भरण्याआधी स्पूलवर सात-आठ फेरे मोनो गुंडाळा, नाहीतर ओढ लागली की सगळा ब्रेड स्पूलवर नुसता गरगर फिरतो.